ड्रोनचा व्यवसाय निवडण्यापूर्वी: पुण्यातील एका मार्गदर्शन वर्गाचा अभिप्राय

डिसेंबर 2025 मध्ये मी आणि माझा पुतण्या असे दोघे पुण्यातील एका खासगी संस्थेने भरवलेल्या तीन दिवसांच्या ड्रोन व्यवसाय मार्गदर्शन वर्गाला बसलो. माणशी शुल्क 9,500 रुपये होते आणि तुकडीत आमच्यासह बावीस जण होते. संस्थेचे नाव मी येथे देत नाही, कारण तिच्याबद्दल चांगले लिहिण्यासारखे पुष्कळ असले तरी तक्रारीही आहेत. शिवाय असे वर्ग आता शहरात अनेक ठिकाणी भरतात, आणि कोणत्याही वर्गात काय मिळायला हवे हे वाचकाला ओळखता आले तर नावाची गरज पडत नाही.

आमची पार्श्वभूमी आधी सांगितली पाहिजे, म्हणजे पुढचे मत कोठून आले ते कळेल. मी गेली वीस वर्षे पुणे जिल्ह्यात खासगी सर्वेक्षणाची कामे करतो. टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारे यंत्र) आणि डीजीपीएस (उपग्रहांच्या आधारे नेमके स्थान सांगणारे यंत्र) ही माझी रोजची हत्यारे आहेत. पुतण्या कृषी पदवीधर असून दौंड तालुक्यात घरची शेती पाहतो. त्याने ड्रोन उडवण्यासाठी लागणाऱ्या रिमोट पायलट प्रमाणपत्राचे प्रशिक्षण आधीच पूर्ण केले होते, आणि सात लाखांचा फवारणीचा ड्रोन कर्जाने घ्यायचा त्याचा विचार जवळजवळ पक्का झाला होता. मला मात्र वाटत होते की ड्रोन घ्यायचाच असेल तर तो सर्वेक्षणासाठी घ्यावा. घरातला हा वाद मिटावा आणि कोणीतरी त्रयस्थाने हिशेब मांडून दाखवावा, एवढीच आमची अपेक्षा होती.

पहिला दिवस कायद्याचा होता आणि तो अपेक्षेपेक्षा बराच चांगला झाला. 25 ऑगस्ट 2021 चे ड्रोन नियम, वजनाप्रमाणे पडणारे वर्ग (250 ग्रॅमपर्यंत नॅनो, 2 किलोपर्यंत मायक्रो, 25 किलोपर्यंत स्मॉल, 150 किलोपर्यंत मीडियम आणि त्यापुढे लार्ज), विशिष्ट ओळख क्रमांकाची नोंदणी, नॅनो सोडून बाकी सर्वांना लागणारा त्रयस्थ विमा, हे सर्व शिक्षकांनी मराठीत आणि उदाहरणे देऊन समजावले. त्यातला एक मुद्दा माझ्या शेजारी बसलेल्या लग्नसमारंभाच्या छायाचित्रकाराला नवीन होता. मायक्रो वर्गातला ड्रोन हौसेने उडवायला प्रमाणपत्र लागत नाही, पण त्याच ड्रोनने पैसे घेऊन काम केले की ते लागते. त्याने त्याच दिवशी आपल्या दोन मुलांची नावे प्रशिक्षणासाठी घातली.

पुण्यातील आकाशाचा नकाशा त्यांनी पडद्यावर उघडून दाखवला, तो तास प्रत्येक इच्छुकाने पाहावा असा होता. विमानतळाच्या कुंपणापासून 5 किलोमीटरपर्यंत लाल पट्टा असतो आणि तेथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही. 5 ते 8 किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच पिवळा विभाग सुरू होतो आणि हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. 8 ते 12 किलोमीटरमध्ये 200 फुटांपर्यंत मोकळीक असते आणि त्यापलीकडे हिरव्या विभागात 400 फुटांपर्यंत. आता लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, खडकीला दारूगोळा कारखाना आणि पाषाण-दिघीकडे संरक्षण संशोधनाच्या संस्था. विमाननगर किंवा धानोरीतील गृहप्रकल्पाचे चित्रीकरण हा ज्याच्या व्यवसायाचा मुख्य आधार आहे, त्याने परवानगीला लागणारे दिवस दरात धरले नाहीत तर त्याचा धंदा पहिल्या महिन्यातच अडकतो. पुण्यात राहून ड्रोनचा व्यवसाय करणे आणि पुणे शहरात ड्रोन उडवण्याचा व्यवसाय करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या नकाशाने बावीसही जणांना पटवले.

संस्थेची छापील पुस्तिका मात्र या शिक्षकांच्या तोडीची नव्हती. ती जवळजवळ पूर्ण इंग्रजीत होती आणि तुकडीतील निम्म्याहून अधिक लोक ग्रामीण भागातून आलेले होते. वस्तू व सेवा कराचा जुना दर तिच्यात तसाच छापलेला होता. 22 सप्टेंबर 2025 पासून ड्रोनवरील कर सरसकट 5 टक्के झाला आहे. खरेदीचा हिशेब शिकवणाऱ्या पुस्तिकेत हे तीन महिन्यांनंतरही बदललेले नसावे, हे मला गंभीर वाटते. दुसरी चूक माझ्या क्षेत्रातील होती. 'वर्षातून एकदा ड्रोन सर्वेक्षण सर्व खाणींना बंधनकारक' असे एक वाक्य पुस्तिकेत होते. खनिज नियमांच्या 2021 च्या दुरुस्तीने आलेला हा नियम प्रमुख खनिजांच्या भाडेपट्ट्यांसाठी आहे, आणि त्यातही वार्षिक उत्खननाचा आराखडा दहा लाख टन किंवा त्याहून अधिक असेल किंवा क्षेत्र 50 हेक्टर किंवा त्याहून अधिक असेल तेथेच ड्रोनची चित्रे मागितली जातात. वाघोली किंवा मोशीकडची दगडखाण मात्र गौण खनिजात, म्हणजे प्रमुख खनिजांच्या बाहेर, मोडते. त्या वाक्यावर विसंबून कोणी जिल्ह्यातील प्रत्येक खाणमालकाला आपला ग्राहक धरले तर त्याचे सगळे गणित चुकेल. मी हे लेखी कळवले, आणि पुढच्या तुकडीपूर्वी दुरुस्ती करू असे उत्तर मला आले, याची नोंद करतो.

दुसऱ्या दिवशी आम्हाला उरुळी कांचनच्या पुढे एका उसाच्या फडावर नेले. या एका दिवसासाठी मी पूर्ण शुल्क पुन्हा भरायला तयार आहे. ऊस पुरुषभर उंच झालेला होता, पानांवर तांबेऱ्याचे ठिपके होते आणि अशा फडात पाठीवरचा पंप घेऊन शिरायला मजूर मिळत नाही. पाने अंग कापतात आणि जुन्नर-आंबेगावकडे तर बिबट्याच्या भीतीने माणूस बांधावरूनच परत फिरतो. ड्रोनची खरी गरज कोठे आहे हे तेथे उभे राहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. पाठीवरच्या पंपाला एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी लागते, तेच काम दहा लिटरच्या टाकीत होते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

पण त्या दिवशीची खरी शिकवण फवारणी चालू नसतानाच्या वेळात होती. प्रशिक्षक स्वतः फवारणीची सेवा चालवणारे गृहस्थ होते. त्यांनी प्रत्येकाला घड्याळ लावून वेळा लिहायला सांगितल्या. पुतण्याने आपल्या वहीत लिहिलेल्या नोंदी माझ्यासमोर आहेत. फडावर पोहोचल्यापासून पहिले उड्डाण होईपर्यंत 38 मिनिटे गेली. बांधाच्या कडेने फिरून हद्दीचे बिंदू घेणे, विजेच्या तारा आणि विहिरीवरचे आंब्याचे झाड अडथळा म्हणून नोंदवणे, पाणी आणणे, औषध कालवणे यांत ती गेली. एका एकराचे उड्डाण 8 मिनिटांचे. दोन उड्डाणांच्या मध्ये बॅटरी बदलून टाकी भरायला 5 मिनिटे. चौथ्या एकरात एका बाजूचा तुषार बारीक झाला आणि ड्रोन खाली उतरवावा लागला. पाण्यात मिसळायची बुरशीनाशकाची भुकटी नीट गाळली गेली नव्हती आणि दोन नोझलच्या जाळीत पिवळसर गाळ बसला होता. प्रशिक्षकांनी जुन्या धोतराचा दुहेरी तुकडा काढून उरलेले सगळे द्रावण पुन्हा गाळून घेतले आणि नोझल दात घासायच्या ब्रशने साफ केली. त्यात 19 मिनिटे गेली. सहा एकरांना एकूण 2 तास 10 मिनिटे लागली, त्यांपैकी ड्रोन हवेत होता 48 मिनिटे.

त्यानंतर त्यांनी उतरवलेल्या बॅटरीला हात लावून पाहायला सांगितले. ती चांगलीच तापली होती. तिला लगेच चार्जिंगला लावले तर ती फुगते आणि तिचे आयुष्य घटते, म्हणून निवायला वेळ द्यावा लागतो. त्यामुळे दिवसभर काम चालू ठेवायचे तर बॅटरीचे चार-पाच जोड आणि शेतातच चालणारा जनरेटर लागतो. विक्रेत्याच्या जाहिरातीत ड्रोनची किंमत ठळक अक्षरांत असते आणि हे जोड सहसा तळाच्या ओळीत असतात. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र 1.34 हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. तेव्हा दर तीन-चार एकरांनंतर गाडी भरायची, पाणंदीने दुसऱ्या वस्तीवर जायचे आणि ती 38 मिनिटे पुन्हा मोजायची, हा या व्यवसायाचा रोजचा दिनक्रम आहे.

त्याच फडाच्या बांधावर बसून त्यांनी जो हिशेब घातला तो मी येथे पूर्ण देतो, कारण वर्गाचे खरे मोल त्यात आहे. वर्षात फवारणीचे प्रत्यक्ष दिवस किती, हा पहिला प्रश्न. पावसाचे, जोराच्या वाऱ्याचे, पीक काढणीचे आणि दुरुस्तीचे दिवस वजा करून त्यांनी 90 धरले. दिवसाला सरासरी 15 एकर आणि एकरी 500 रुपये दर धरला तर 1,350 एकरांचे 6 लाख 75 हजार रुपये येतात. आता खर्च पाहा. चालक आणि मदतनीस मिळून रोज 1,900 रुपये, म्हणजे 1 लाख 71 हजार. गाडी, डिझेल आणि जनरेटर रोज 1,200 रुपये, म्हणजे 1 लाख 8 हजार. बॅटरीचा 36,000 रुपयांचा एक जोड 300 उड्डाणे टिकला तर एकरी 120 रुपये पडतात, म्हणजे 1 लाख 62 हजार. विमा आणि दुरुस्ती 70 हजार. हाती उरतात 1 लाख 64 हजार. सात लाखांचे कर्ज 11 टक्क्यांनी चार वर्षांत फेडायचे तर वर्षाचा हप्ता सुमारे 2 लाख 17 हजार होतो. म्हणजे 53 हजारांची तूट.

पुतण्याचा चेहरा उतरला. त्याने विचारले, "आणि चालक मीच असलो तर?" प्रशिक्षकांनी शांतपणे सांगितले, "मग तुमची रोजची बाराशे रुपये मजुरी वाचेल. पण ती तुमची मजुरीच आहे. तिला नफा म्हणू नका, नाही तर दुसरा ड्रोन घ्यायची वेळ येईल तेव्हा घरातून पैसे घालावे लागतील."

मग त्यांनी त्याच कागदावर एकच आकडा बदलला. दिवसाला 15 ऐवजी 20 एकर. दिवस तेवढेच, माणसे तीच, गाडीही तीच, वाढला तो फक्त बॅटरीचा खर्च. उत्पन्न 9 लाखांवर गेले, खर्च 5 लाख 65 हजारांवर आला आणि हप्ता फेडून 1 लाख 18 हजार उरले. पाच एकरांचा हा फरक चालकाच्या कौशल्याने पडत नाही, तर शेते एकमेकांना लागून मिळाली की पडतो. म्हणून फवारणीच्या व्यवसायात सुटे सुटे शेतकरी हा ग्राहक धरण्यापेक्षा, एका शिवारातले पन्नास-साठ एकर एकाच आठवड्यात जुळवून देऊ शकणारी शेतकरी उत्पादक कंपनी, साखर कारखान्याचा शेती विभाग किंवा गावातली मोठी विविध कार्यकारी सोसायटी हा ग्राहक धरावा, असे त्यांचे मत होते आणि मला ते पूर्ण पटले. यंत्र कोणते, या प्रश्नाच्या आधी क्षेत्र कोण जुळवणार हा प्रश्न सुटला पाहिजे.

अनुदानाबद्दलही त्यांनी सरळ भाषेत सांगितले. कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानात भाडेतत्त्वावरील अवजार केंद्राला ड्रोनच्या किमतीच्या 40 टक्के आणि कमाल 4 लाख, तर असे केंद्र काढणाऱ्या कृषी पदवीधराला 50 टक्के आणि कमाल 5 लाख अशी तरतूद केंद्राने 2022 मध्ये केली. नोव्हेंबर 2023 मध्ये मंजूर झालेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत महिला बचत गटांना 80 टक्के आणि कमाल 8 लाख मिळण्याची सोय झाली. पुतण्या पदवीधर असल्याने त्याच्यासाठी हा मुद्दा मोलाचा होता. प्रशिक्षकांचा सल्ला असा की मंजुरीचे पत्र हातात येईपर्यंत हा पैसा हिशेबात शून्य धरावा. ज्या गावात बचत गटाला 80 टक्के अनुदानाचा ड्रोन मिळालेला आहे, त्या गावात आपण पूर्ण कर्जाच्या ड्रोनने दराची स्पर्धा करू शकत नाही, हे त्यांनी जोडीला सांगितले. आपल्या पंचक्रोशीत असे किती गट आहेत याची चौकशी करण्याचे काम पुतण्याने त्याच संध्याकाळी फोनवरून सुरू केले.

तिसरा दिवस सर्वेक्षणाचा, प्रशिक्षण संस्था काढण्याचा आणि वित्ताचा होता. सर्वेक्षण शिकवणाऱ्या मॅडम कामातल्या जाणकार होत्या. दहा-बारा हेक्टरच्या चढउताराच्या जागेवर टोटल स्टेशनने समतलरेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा करायला मला चार माणसे आणि सहा दिवस लागतात. जमिनीवर चुन्याच्या फुल्या मारून डीजीपीएसने नियंत्रण बिंदू, म्हणजे नकाशा जमिनीशी जुळवण्याच्या खुणा, घेणे एक दिवस, उड्डाण अर्धा दिवस आणि संगणकावरची प्रक्रिया दोन दिवस, असे तेच काम साडेतीन दिवसांत होते. त्यांनी यातला एक सापळा बरोबर दाखवला. ग्राहक छायाचित्रांना पैसे देत नाही. त्याला मुरुमाच्या ढिगाचे घनमीटर हवे असतात, रस्त्याच्या आखणीचे छेद हवे असतात, अभियंत्याच्या संगणकात थेट उघडणारी फाईल हवी असते. उड्डाण करून नुसती चित्रे हवाली करणाऱ्याचा दर दरवर्षी खाली येतो, कारण उडवू शकणारे हात वाढत आहेत, आणि त्या चित्रांतून मोजमाप काढून त्यावर सही करू शकणाऱ्याचा दर टिकतो. पुणे रिंगरोडसारखी कामे जिल्ह्यात आहेत. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने 2021 पासून प्रकल्पांचे दरमहा ड्रोन चित्रीकरण सक्तीचे केले आहे. त्यामुळे कामाची कमतरता नाही.

याच विषयात एक गैरसमज मला नेहमी भेटतो आणि मॅडमनी तो दूर केला, म्हणून त्यांचे आभार. पुरंदर तालुक्यातील सोनोरीत गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा पथदर्शी प्रयोग झाला आणि पुढे 24 एप्रिल 2020 ला गावठाणातील मिळकती ड्रोनने मोजण्याची केंद्राची स्वामित्व योजना आली. तेव्हापासून अनेकांना वाटते की खासगी ड्रोनने आता बांधाचे तंटे मिटवता येतील. पण हद्द कायम करायला भूमी अभिलेख विभागाने प्रमाणित केलेली मोजणीच लागते. खासगी नकाशा नियोजनाला उपयोगी पडतो, पण सातबाऱ्यावरच्या वादात तो त्या मोजणीची जागा घेऊ शकत नाही. जो व्यावसायिक शेतकऱ्याला याउलट सांगून पैसे घेतो तो त्याला फसवतो, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

सर्वेक्षणाची दुखरी बाजू मात्र वर्गात पुरेशी मांडली गेली नाही, आणि हा माझा पहिला मोठा आक्षेप आहे. फवारणीचे पैसे बहुधा बांधावरच रोख मिळतात. सर्वेक्षणाचे पैसे कंत्राटदाराला त्याचे देयक मिळाल्यावर, म्हणजे तीन-चार महिन्यांनी येतात. दोन लाखांचे देयक केले की त्यावर 18 टक्क्यांप्रमाणे 36 हजारांचा कर लागतो. मासिक विवरण भरणाऱ्याला तो पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत स्वतःच्या खिशातून भरावा लागतो, मग ग्राहकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. अशी तीन देयके एकावर एक अडकली की लाखभर रुपये केवळ करात गुंततात. सूक्ष्म व लघु उद्योगाला 45 दिवसांत पैसे देण्याचे बंधन कायद्यात आहे, त्यासाठी उद्यम नोंदणी पहिल्या दिवशीच करून घ्यावी, एवढे वर्गात सांगितले गेले, तेही बरोबरच. पण जो माणूस आपल्या एकमेव मोठ्या ग्राहकाशी कायद्याचे बोलू शकत नाही, त्याने किमान चार महिन्यांचा खर्च शिलकीत ठेवल्याशिवाय या मार्गाला जाऊ नये. मी वीस वर्षांत हे तीनदा सोसले आहे, म्हणून एवढे ठासून लिहितो.

प्रशिक्षण संस्था काढण्याचा मार्ग त्यांनी अर्ध्या तासात संपवला. मान्यता, मैदान, प्रशिक्षक आणि वर्गखोल्या यांचा स्थिर खर्च पाहता बावीस जणांत एकालाही तो परवडणारा नव्हता, तेव्हा ते योग्यच झाले. दुरुस्ती केंद्राला मात्र जेमतेम वीस मिनिटे मिळाली, याचे मला वाईट वाटले. खेड्यापाड्यांत गेलेल्या फवारणीच्या ड्रोनचा पंप बंद पडला, भुजा वाकली किंवा मोटर जळली की मालक ऐन हंगामात आठ-दहा दिवस बसून राहतो. तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी 2022 पासून बंदी असली तरी सुट्या भागांना मोकळीक आहे. उत्पादकाकडून अधिकृतपणे काम मिळवून बारामती, शिरूर किंवा इंदापूरला असे केंद्र चालवणे हा कमी भांडवलाचा मार्ग आहे, आणि इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतलेल्या मुलांसाठी मला तो इतर सर्वांपेक्षा आश्वासक वाटतो. तुकडीत असे चौघे होते. त्यांच्या प्रश्नांना अधिक वेळ मिळायला हवा होता.

शेवटच्या दुपारी जे घडले त्याने मात्र वर्गाच्या चांगुलपणाला डाग लागला. जेवणानंतर एका विक्रेत्याचे प्रतिनिधी आले, सोबत कर्जाचे छापील अर्ज होते, आणि त्यांनी पडद्यावर जो तक्ता दाखवला त्यात दिवसाला 30 एकर, वर्षाला 250 दिवस आणि 37 लाख 50 हजार रुपयांचे उत्पन्न होते. आदल्याच दिवशी ज्यांनी घड्याळ लावून सहा एकरांना सव्वादोन तास मोजले, त्यांच्यासमोर हा तक्ता ठेवला गेला. फवारणीचे प्रशिक्षक त्या वेळी खोलीत नव्हते. एका महिलेने, बचत गटाच्या अध्यक्ष होत्या त्या, उठून विचारले की पावसाचे दिवस यात कोठे आहेत, तेव्हा तिला मिळालेले उत्तर असे की 'मनापासून काम केले तर होते'. शुल्क घेऊन मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने आपल्या मंचावर अशी विक्री होऊ देता कामा नये. तीन कुटुंबांनी तेथेच अर्ज भरले आणि त्यांच्याकडे पाहून मला काळजी वाटली. शिवाय शुल्कात सांगितलेली पाऊण तासाची वैयक्तिक सल्ला भेट आम्हाला दहा मिनिटांची मिळाली. तक्रार केल्यावर त्यांनी पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावले आणि ती पूर्ण केली, हेही सांगितले पाहिजे.

एवढे असूनही मी हा वर्ग घ्यावा असेच म्हणेन, पण दोन गोष्टी आधी विचारून. क्षेत्रावरचा दिवस आहे का, आणि तो दिवस स्वतः सेवा चालवणारा माणूस घेतो का. त्या दिवसाविना उरलेल्या दोन दिवसांना मी निम्मेही पैसे देणार नाही. ज्याच्याकडे आधीच शेतकऱ्यांचा गट, सर्वेक्षणाचे ग्राहक किंवा दुरुस्तीचा हात यांपैकी काहीतरी आहे, त्याला या वर्गाचा सर्वाधिक उपयोग होईल. ज्याच्याकडे केवळ कर्जाची मंजुरी आहे, त्याने तिसऱ्या दिवशीच्या जेवणानंतर घरी जावे, असे मी त्याला हात जोडून सांगेन.

आम्ही काय केले ते सांगतो. पुतण्याने ड्रोन घेतला नाही. जानेवारीपासून तो शिरूर भागातील एका फवारणी सेवेकडे रोजंदारीवर चालक म्हणून जातो आणि वेळा लिहायची वही त्याने सोडलेली नाही. पहिल्या सव्वीस दिवसांत त्याची सरासरी 13 एकर आली. तीन दिवस वाऱ्यामुळे आणि एक दिवस पंप बंद पडल्यामुळे शून्य गेले. एकाच ओढ्याकाठचे कांद्याचे आणि गव्हाचे तुकडे लागोपाठ मिळाले त्या दिवशी 24 एकर झाले. मी सर्वेक्षणाचा ड्रोन दोन कामांपुरता भाड्याने आणला, चालक पुतण्याच होता आणि संगणकावरची प्रक्रिया मी स्वतः शिकून केली. पहिल्या कामाचे पैसे आले आहेत, दुसऱ्याचे अजून येणे आहे.

मार्चमध्ये आम्ही दोघे ती वही घेऊन दौंडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकांना भेटणार आहोत. ते उसाच्या खोडव्याचे (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या पिकाचे) आणि नव्या लागणीचे क्षेत्र पाणंदीनुसार जुळवून द्यायला तयार झाले, तर करारात किमान एकर लिहून घ्यायचे आणि मगच अनुदानाचा अर्ज करायचा, असे आमचे ठरले आहे.